पाळत, माग आणि हजेरी

एका वाचकाने विचारले आहे : ‘सर्व्हेलन्सला प्रत्युत्तर देणाऱ्या कलावंतांविषयी मराठीत लिहिताना “निगराणी” म्हणावे की “पाळत”? आणि अशा कलेला “पाळतकला” म्हटले तर चालेल का?’

‘निगराणी’ आपल्या ओळखीची झाली ती ‘आपण सीसीटीव्हीच्या निगराणीखाली आहात’ या पाट्यांमुळे. हा शब्द फारसी ‘निगाह’च्या गोतातला, तीच निगाह मराठीत ‘निगा’ झाली आणि आपण ती झाडांची, तान्ह्या मुलांची, आजाऱ्यांची राखू लागलो. काळजीचा हा वास ‘निगराणी’लाही येतो. पाटी लावणाऱ्याला तो सोयीचाच आहे, पण ज्या कलावंताला नेमकी त्या नजरेचीच तक्रार करायची आहे, त्याच्या कामाविषयी लिहिताना तो अडचणीचा ठरतो.

‘पाळत’ अधिक चोख, पण ती गुपचूप ठेवायची असते. ज्याच्यावर ठेवली त्याला कळली की ती फसली. सोफी काल या फ्रेंच कलावतीने १९८१ मध्ये पॅरिसमध्ये आपल्या आईकरवी स्वतःच्याच मागावर खासगी गुप्तहेर लावला आणि त्याचा अहवाल व छायाचित्रे स्वतःच्या टिपणांशेजारी मांडली. तो मागे आहे हे तिला ठाऊक होते, तिला ते ठाऊक आहे हे त्याला नव्हते. तेव्हा पाळत नक्की कोणावर होती? या कामाच्या फ्रेंच नावात ‘फिलातूर’ हा शब्द आहे. त्याचा एक अर्थ पाठलाग आणि दुसरा चक्क सूतगिरणी. आपल्याकडेही माग काढतात आणि मागावर कापड विणतात, हा योगायोग इतका देखणा आहे की येथे मी ‘पाळत’ सोडून ‘माग’च वापरेन.

हसन इलाही या बांगलादेशात जन्मलेल्या अमेरिकी कलावंताचे प्रकरण वेगळे आहे. २००२ मध्ये परदेशातून परतताना डेट्रॉइटच्या विमानतळावर त्यांना अडवण्यात आले. एका खोट्या खबरीवरून अनेक महिने चौकशी झाली आणि अखेर ते निर्दोष ठरले. पुन्हा कोणी अडवू नये म्हणून प्रवासाला निघण्यापूर्वी ते एफबीआयला कळवू लागले, आणि पुढे आपण कोठे आहोत, काय जेवलो, कोणते स्वच्छतागृह वापरले याची हजारो छायाचित्रे त्यांनी संकेतस्थळावर सर्वांसाठी खुली केली. यात लपलेले काहीच नसल्यामुळे याला ‘स्वतःवरची पाळत’ म्हणणे मला पटत नाही. ही हजेरी आहे. ‘हजेरी’ म्हटले की शाळा आठवते, पण १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांखाली ज्यांना जन्मावरूनच गुन्हेगार ठरवले गेले, त्यांच्या मागे लागलेली हजेरीही याच शब्दात आहे. अशा जमातींना ठेवलेल्या सोलापूरच्या तारेच्या कुंपणातल्या वसाहतीत ती ठाऊक होती. संशयिताने स्वतःहून जाऊन ‘मी येथे आहे’ असे सांगायचे, हा अर्थ इलाहींच्या कामाला तंतोतंत लागतो. फरक एवढाच की त्यांच्या छायाचित्रांत ताट दिसते, विमानतळ दिसतो, ते स्वतः दिसत नाहीत.

आता ‘पाळतकला’. पाककला म्हणजे स्वयंपाक करण्याची कला. त्याच चालीवर पाळतकला म्हणजे पाळत ठेवण्याची कला असा अर्थ होईल, आणि ती तर पोलिसांकडे आधीपासूनच आहे. ‘पाळतीविषयीची कला’ असे सुटे लिहावे.