सही करण्याआधी

पोरी,

काल रात्री तू विचारलंस, "सर, सही करू का?" तुझ्या आवाजावरून कळत होतं की तुला 'कर' असंच ऐकायचं होतं. मी काही न बोलता फोन ठेवला, कारण बोललो असतो तर चिडून बोललो असतो. आज सकाळी ग्राउंडला गेलो नाही. हे लिहायला बसलो.

तुझी अडचण मला समजली आहे. समारोपाला सगळे संघ रांगेत उभे होते, राष्ट्रगीत सुरू होतं आणि तुमच्या रिलेतला शेवटचा लॅप पळणारा मुलगा मान खाली घालून गप्प उभा होता. कुणीतरी ते मोबाईलवर टिपलं आणि रात्रीत ते गावभर झालं. आता मॅनेजरनं कागद तयार केलाय. त्यावर लिहिलंय की तो हसला, पुटपुटला, त्यानं मुद्दाम अपमान केला आणि हे 'आम्ही समक्ष पाहिले'. खाली तुम्हा तिघांच्या सह्यांची जागा मोकळी आहे.

मी तो व्हिडिओ पाच वेळा बघितला. ओठ मिटलेले, मान खाली, हात सरळ. ना हसू, ना पुटपुट. तू त्याच्या पुढं उभी आहेस, पाठ त्याच्याकडं आणि तोंड झेंड्याकडं. मग तू समक्ष काय पाहिलंस? झेंडा पाहिलास. पाहिलंस तेवढंच लिही.

राष्ट्रगीताला ताठ उभं राहायला तुला मीच शिकवलंय. ते बावन्न सेकंद सुरू झाले की आजही माझ्या अंगावर काटा येतो आणि समोर कुणी चुळबुळ केली तर मला राग येतो. म्हणूनच सांगतो, त्या गीताच्या नावानं खोटी साक्ष देऊ नकोस.

या गीताची पहिली फरफट अशाच न पाहिलेल्या साक्षीनं झाली, हे तुला माहीत आहे का? २७ डिसेंबर १९११ ला कोलकात्याच्या काँग्रेस अधिवेशनात ते पहिल्यांदा गायलं गेलं. त्याच दिवशी पंचम जॉर्जच्या स्वागताचा ठराव झाला आणि बादशहाच्या स्तुतीचं एक वेगळं हिंदी गाणंही झालं. इंग्रजांच्या वर्तमानपत्रांनी दोन्हींची खिचडी केली आणि टागोरांनी राजासाठी गाणं रचलं असं छापून टाकलं. भारतीयांच्या वृत्तपत्रांनी नीट लिहिलं होतं, पण ते कोण वाचतो? टागोरांना १९३७ मध्ये पत्र लिहून सांगावं लागलं की युगानुयुगं माणसाचा रथ हाकणारा तो भाग्यविधाता कुठला जॉर्ज असू शकत नाही. २४ जानेवारी १९५० ला ते राष्ट्रगीत झालं. तरीही दर दोन-चार वर्षांनी कुणीतरी तीच जुनी बातमी नव्यानं फिरवतो. ज्यांना बंगालीची एक ओळ कळत नव्हती त्यांच्या शब्दावर शंभर वर्षं भांडण चाललंय.

अमेरिकेतही तेच. २०१६ मध्ये कॉलिन केपरनिक नावाचा फुटबॉलपटू राष्ट्रगीताच्या वेळी आधी बसून राहिला, मग गुडघ्यावर टेकला. पोलिसांच्या हातून काळी माणसं मरतात म्हणून. लोक म्हणाले, हा सैनिकांचा अपमान. पण बसण्यापेक्षा गुडघ्यावर टेक, हे त्याला सुचवलं होतं एका माजी सैनिकानंच, नेट बॉयरनं. सैनिक आपल्या गेलेल्या साथीदारासमोर गुडघा टेकतो, तो मान त्यात होता. ओरडणाऱ्यांपैकी कितीजणांनी ते विचारलं? तो मोसम संपल्यावर त्याला एकाही संघानं घेतलं नाही. आणि ते गीत तरी सगळ्यांना सारखं कुठं लागतं? १८१४ मध्ये ते लिहिणारा फ्रान्सिस स्कॉट की स्वतः गुलाम बाळगून होता आणि त्याच्या तिसऱ्या कडव्यात गुलामांचा उल्लेख आहे. १९३१ मध्ये ते अधिकृत झालं. एखाद्या काळ्या खेळाडूच्या तोंडून ते फुटत नसेल, तर आधी त्याला विचारावं लागतं.

तू त्याला विचारलंस का? नाही विचारलंस. फोनवर वीस मिनिटं बोललीस, मॅनेजर काय म्हणाला, आई काय म्हणाली, ग्रुपवर काय आलं, सगळं सांगितलंस. चार वर्षं ज्याच्या हातात बॅटन देतेस तो त्या दिवशी गप्प का होता, एवढं विचारायला तुला वेळ झाला नाही. त्याचं नाव ऐकून लोकांनी कारण आधीच ठरवून टाकलंय. तूही ठरवलंस का?

केरळची गोष्ट ऐक. शाळेत तीन भावंडं होती. राष्ट्रगीताला रोज उठून उभी राहायची, पण धर्मश्रद्धेमुळं गायची नाहीत. एका आमदारानं विधानसभेत प्रश्न काढला, चौकशी बसली. मुलं कायदा पाळणारी आहेत, त्यांनी अनादर केलेला नाही, असं चौकशीतच निघालं. तरी १९८५ च्या जुलैत त्यांना शाळेतून काढलं. सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट १९८६ ला त्यांना परत घ्यायला लावलं. आदरानं उभं राहून न गाणं हा अपमान नाही, असं न्यायालयानं स्पष्ट सांगितलं. १९७१ चा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण ती गाणाऱ्यांना मुद्दाम अडवणाऱ्याला, त्यात गोंधळ घालणाऱ्याला. गप्प उभ्या मुलाला नाही. आता कळलं का, तुमच्या कागदावर 'हसला, पुटपुटला' हे कशासाठी घातलंय? नुसत्या गप्प राहण्यानं काम भागत नाही म्हणून.

आणि आपण सोलापूरकर. पार्क मैदानावर येता-जाता चार हुतात्म्यांचे पुतळे तू रोज बघतेस. धनशेट्टी, सारडा, शिंदे, कुर्बान हुसेन. मंगळवार पेठेच्या चौकीतल्या दोन पोलिसांच्या खुनाचा खटला त्यांच्यावर चालला आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांना फाशी दिलं. ऐन गड्ड्याच्या, सिद्धेश्वराच्या जत्रेच्या दिवसांत. तो खून त्यांनी केलाच नव्हता, असं आपल्या गावातली म्हातारी माणसं आजही सांगतात. मग कुणीतरी 'समक्ष पाहिले' म्हटलं असणारच ना? या गावात तरी हे दोन शब्द लिहिताना हात थांबला पाहिजे.

माझा थांबला नव्हता.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तुझ्या वयाचा असताना मी चार बाय चारशे पळायचो. आमच्यातल्या एकानं खाण्याच्या भत्त्याचे पैसे कुठं गेले म्हणून सगळ्यांसमोर विचारलं होतं. दोन दिवसांनी समारोपाला राष्ट्रगीत सुरू असताना तो खाली बसला. रेस नुकतीच झाली होती, पोटरीत गोळा आला होता. मला गोळ्याचं माहीत होतं, मीच त्याला सकाळी मीठ-पाणी दिलं होतं. संध्याकाळी कागद आला. त्यानं मुद्दाम बसून घोषणा दिली, असं त्यात होतं. मी पुढच्या रांगेत होतो, मागचं काही दिसत नव्हतं. सही केली.

वडिलांची गिरणी अडचणीत होती, घरात सहा माणसं होती आणि स्पोर्ट्स कोट्यातली नोकरी तोंडाशी आली होती. सगळ्यांनीच सही केली, माझ्या एकट्याच्या नकारानं काही बदललं नसतं. ही कारणं खोटी नाहीत. तू त्या घरात राहिली असतीस तर तुलाही पटली असती. पुढं मी किती पोरं घडवली, कितीजणांना नोकरीला लावलं, हेही खरं आहे. पण त्याला दोन वर्षं डीबार केलं, त्याचा कोटा गेला आणि तो पूर्व भागात यंत्रमागावर लागला. पंधरा वर्षांनी त्यानं आपली मुलगी माझ्याकडं पळायला आणली. "तुमच्या हाताखाली शिकू दे," म्हणाला. मला 'तुम्ही' म्हणाला. तिला मी तीन वर्षं शिकवलं, एक पैसा घेतला नाही, आणि त्या तीन वर्षांत तो विषय माझ्या तोंडून निघाला नाही. अजून निघालेला नाही. तो विडी घरकुलात राहतो, माझ्या घरापासून सायकलवर अर्ध्या तासावर.

म्हणून मला नोकरीचं भय सांगू नकोस. मला ते तुझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

तुला मूठ उगारायला कुणी सांगत नाही. १९६८ च्या मेक्सिको ऑलिम्पिकमध्ये दोनशे मीटरची पदकं घेताना, राष्ट्रगीत सुरू असताना टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस या अमेरिकेच्या काळ्या धावपटूंनी काळे हातमोजे घालून मुठी वर केल्या. त्यांच्यासोबत उभा होता ऑस्ट्रेलियाचा पीटर नॉर्मन, २०.०६ सेकंदांत दुसरा आलेला. त्यानं हात वर केला नाही. पण ते दोघं काय करणार आहेत आणि का, हे त्याला आधी माहीत होतं. त्यानं मानवी हक्कांचा बिल्ला छातीवर लावला आणि सरळ उभा राहिला. कार्लोस आपले हातमोजे विसरला होता. एकच जोडी दोघं वाटून घ्या, हेही नॉर्मननंच सुचवलं. एकाचा उजवा हात आणि दुसऱ्याचा डावा वर का, याचे लोकांनी अर्थ लावले, कारण मात्र एवढंच होतं. २००६ मध्ये नॉर्मन गेला, तेव्हा त्याच्या शवपेटीला त्या दोघांनी खांदा दिला.

आता कामाचं. मॅनेजरच्या छापील कागदावर सही नको. कोऱ्या कागदावर तुझ्या अक्षरात लिही: मी रांगेत पुढे होते. माझी नजर झेंड्याकडे होती. मागे कोण काय करत होते ते मला दिसले नाही. मला काही ऐकू आले नाही. एवढंच. 'तो चांगला मुलगा आहे' हेही घालू नकोस, ते विचारलेलं नाही. पाहिलंस तेवढंच. एक प्रत स्वतःकडं ठेव, फोटो काढून मला पाठव. बाकीच्या दोघांवर दबाव टाकू नकोस. त्यांचं त्यांनी बघावं.

संघातून नाव काढायची धमकी आली तर तू उत्तर देऊ नकोस. मी येतो. माझं वय झालंय, आता माझं कुणी काय काढून घेणार?

आणि रविवारी सकाळी सहाला पार्कवर ये. त्याला तू स्वतः फोन करून घेऊन ये, मी करणार नाही. विचारायचं ते वाटेत विचार, माझ्यासमोर नको. स्पाइक्स आणि बॅटन आणा. तुमचा शेवटचा चेंज अजून ढिला आहे, तू हात उशिरा पुढं करतेस.

मीही त्याआधी शनिवारी सायकल काढून विडी घरकुलात जाऊन येतो.

तुझा,
सर