रिदम गेमचे मॅप बनवायला शिकताना स्वतःची शैली हरवू नये म्हणून काय करावं?

तुम्ही लिहिलंय की शिरपूरला राहता, ओसू या रिदम गेमचे मॅप (गाण्याच्या ठेक्यावर खेळाडूने दाबायच्या खुणांची मांडणी) बनवायला शिकताय आणि अहिराणी लग्नगाण्यांवर, बँजोवर मॅप करायची हौस आहे. पण मोठ्या मॅपरांचे मॅप पाहून पाहून आणि मॉडिंगमधल्या, म्हणजे इतरांनी मॅप तपासून दिलेल्या, सूचना मान्य करत करत तुमचा मॅप आता चारचौघांसारखाच दिसतो. मग शिकायचं की स्वतःचं जपायचं, असा तुमचा पेच आहे.

हा पेच बराचसा खोटा आहे. टायमिंग, स्नॅप (दाबायची खूण, म्हणजे नोट, ठोक्याच्या नेमक्या भागावर बसवणं), डोळ्यांना वाचता येईल असं अंतर, हे सगळं शिकूनच घ्यायचं; त्यात कुणाचीच शैली नसते. शैली ठरते ती गाण्यात एकाच वेळी वाजणाऱ्या चार-पाच आवाजांपैकी खेळाडूच्या बोटाला तुम्ही कुठला आवाज देता आणि कुठला सोडून देता, यावर. हा निर्णय एडिटर उघडण्याआधी व्हायला हवा, कारण एडिटर उघडला की हात आपसूक पाहिलेल्या पॅटर्नकडे वळतो. बॅकग्राउंडला रावेरच्या केळीच्या बागेचा फोटो लावला म्हणून मॅप खानदेशी होत नाही.

तेव्हा पहिलं काम कागदावर करा. गाण्यातले कुठलेही आठ बार (ठोक्यांचे सारखे गट) निवडा. बँजो, ढोल, ऑक्टोपॅड आणि गायकाचा आवाज अशा चार ओळी आखा आणि ज्या ओळीत जिथे आवाज येतो तिथे टिंब मारा. मग तोच तुकडा तीनदा मॅप करा: एकदा फक्त ढोल धरून, एकदा फक्त बँजो धरून, एकदा फक्त गायकी धरून. १०० बीपीएमला (मिनिटाला १०० ठोके) चार ठोक्यांचे आठ बार म्हणजे १९.२ सेकंद, त्यामुळे काम फार नाही. तिन्ही खेळून पाहिले की आपला कान कुठे ओढ घेतो ते लगेच कळतं. बहुतेक नवे मॅपर चारही ओळी एकदम पकडायला जातात, मग सगळीकडे नोट पडते आणि निवड कुठेच दिसत नाही. मॅप एकसारखे दिसण्याचं खरं कारण हे आहे.

आता टायमिंग. यावर जरा जास्त लिहितो, कारण आपल्याकडच्या गाण्यांची चाल बहुधा इथेच मारली जाते. लग्नात नाचायची पुष्कळ गाणी खेमट्याच्या अंगाने जातात, म्हणजे एका ठोक्याचे तीन भाग पडतात. नवा मॅपर मात्र सवयीने १/४ स्नॅपवर, म्हणजे ठोक्याचे चार भाग धरून, काम करत राहतो. १०० बीपीएमला एक ठोका ६०० मिलीसेकंदांचा. त्याचा तिसरा भाग २०० वर येतो, चौथा १५० वर. फरक ५० मिलीसेकंदांचा झाला. ओव्हरऑल डिफिकल्टी (वेळेवर दाबण्यात किती सूट, ते ठरवणारं सेटिंग) ५ ठेवली असेल तर पूर्ण गुणांची मुभा मागेपुढे ५० मिलीसेकंदच असते (८० मधून डिफिकल्टीची सहापट वजा करायची). म्हणजे गाणं ऐकून बरोबर दाबणारा खेळाडूही नेमका काठावर पडतो. तो म्हणतो मॅप ‘ऑफ’ आहे, कुणीतरी सुचवतो की हे सरळ १/२ वर घ्या, तुम्ही घेता, आणि ज्या ठेक्यावर वरात नाचते तोच मॅपमधून जातो. इथे १/३ स्नॅप लावायचा, आणि ढोलवाल्याने मध्ये बारीक भरणा केला असेल तिथे १/६. हाताने वाजवणारा माणूस प्रत्येक ठोका अगदी तिसऱ्या भागावर टाकत नाही, दहा-पंधरा मिलीसेकंद इकडेतिकडे होतातच. त्यांच्या मागे लागू नका. १/३ धरून ठेवा.

बीपीएम काढताना दशांशाला किंमत द्या. १२० ऐवजी १२०.१ धरलं तर दर ठोक्याला जेमतेम ०.४ मिलीसेकंद सरकतात, पण दोन मिनिटांत २४० ठोके होतात आणि शेवटी मॅप १०० मिलीसेकंद पुढे निघून जातो. म्हणून गाण्याच्या सुरुवातीला जुळलं यावर समाधान मानू नका, शेवटच्या कडव्यात मेट्रोनोम लावून ऐका. कॉम्प्युटरवर बनवलेल्या डीजे गाण्यांना शक्यतो एकच रेड लाइन (तिथून पुढचा बीपीएम ठरवणारी एडिटरमधली खूण) पुरते. बँजो पार्टीचं लाइव्ह रेकॉर्डिंग असेल तर वेग चढतोच, विशेषतः नवरदेव मांडवाजवळ आल्यावर. तिथे बारच्या सुरुवातीला फरक दहाएक मिलीसेकंदांपुढे गेला की नवी रेड लाइन टाका, दर ठोक्याला नको. कानबाई या खानदेशी देवीची गाणी बहुधा मोबाइलवर रेकॉर्ड केलेली असतात, त्यांना पहिल्या मॅपसाठी हात लावू नका. आणि गाणं आधी कापा, एमपी३ करा, मगच ऑफसेट (पहिला ठोका फाइलमध्ये कुठे येतो ती वेळ) काढा. एमपी३ करताना सुरुवातीला थोडी शांतता घातली जाते, ती पंचवीसेक मिलीसेकंदांचीही असू शकते. आधी टायमिंग करून मागाहून फाइल बदलली तर सगळा मॅप सरकतो.

यानंतरचा एक नियम कुणाच्याही शैलीला लागू आहे: जोरकस आवाज दाबायला मिळाला पाहिजे. सर्कल म्हणजे एकदाच दाबायची नोट, स्लायडर म्हणजे दाबून धरून वाटेने ओढत न्यायची. स्लायडरचं बटण नेमकं कधी सोडलं हे ओसू तपासत नाही, त्यामुळे ढोलाचा मोठा ठोका स्लायडरच्या शेपटावर गेला की खेळाडूला तो जाणवतच नाही. तो सर्कलवर किंवा स्लायडरच्या डोक्यावर आणा. एवढं सांभाळलं की पुढे मोकळं रान आहे. बँजोवर एकच सूर झरझर छेडत लांबवतात, त्यातला प्रत्येक आघात मोजून लांबलचक स्ट्रीम (लागोपाठच्या नोटांची रांग) ओतणं हे उसन्या शैलीचं ठळक लक्षण. तिथे एक वळणदार स्लायडर ठेवा, सूर बदलेल तिथे पुढचा स्लायडर सुरू करा. बोटाला सूर लांबल्यासारखा वाटतो आणि ढोलासाठी जागा उरते. साक्री-नवापूरकडची पावरी (फुंकून वाजवायचं आदिवासी वाद्य) वापरलीत तर तिचा सूर अखंड लावून धरलेला असतो. त्या भागात नोटा कमी, स्लायडर लांब आणि स्लायडर व्हेलॉसिटी (स्लायडरचा वेग) खाली ठेवून बघा. वेगवान इलेक्ट्रॉनिक गाण्यांच्या मॅपमधून हे शिकायला मिळणार नाही.

सेटिंगचे आकडेही उसने घेऊ नका. अप्रोच रेट ९ ला नोट ६०० मिलीसेकंद आधी दिसते, ५ ला १२०० आधी. १०० बीपीएमच्या नॉर्मल डिफिकल्टीत दर ठोक्याला एक नोट असेल तर ५ ला पुढचे दोन ठोके दिसतात, हे छान आहे. पण त्याच अप्रोच रेटवर १/३ च्या नोटा ओळीने टाकल्या तर एकावेळी सहा नोटा पडद्यावर साचतात. सुरुवात नॉर्मलपासूनच करा असं माझं ठाम मत आहे. साधनं थोडी असतात, त्यामुळे दिखाऊ पॅटर्नच्या आड लपता येत नाही.

नक्कल जरूर करा, फक्त ती कशी करता ते महत्त्वाचं. ओसू २००७ पासून आहे, जुने-नवे सगळे मॅप एडिटरमध्ये उघडता येतात. एकाच आवडत्या मॅपरचे दहा मॅप पाहण्यापेक्षा तिघांचा एकेक मॅप घ्या आणि प्रत्येकाने कुठे नोट ठेवली *नाही* ते पाहा. मग तो मॅप बंद करून दुसऱ्या दिवशी तोच तुकडा आठवणीने बांधा. जिथे आठवलं नाही आणि तुम्ही काहीतरी वेगळं ठेवलंत, ती जागा जपून ठेवा, तिथे तुम्ही स्वतः आहात. कॉपी-पेस्ट मात्र सरावापुरतंही करू नका, त्यातून हाताला काहीच लागत नाही.

मॉडिंगच्या सूचना वाचताना आधी त्यांची जात ओळखा. नोट स्नॅपवर नाही, स्लायडर खेळाच्या चौकटीबाहेर जातो, दोन नोटा एकमेकींखाली झाकल्या गेल्यात, अशा सूचना निमूट मान्य करायच्या. ‘मागच्या कडव्यात याच आवाजाला सर्कल होतं, इथे स्लायडर का?’ असं विचारलं तर कागदावरची टिंबं बघा. उत्तर सापडलं तर लिहा, नाही सापडलं तर चूक तुमची. ‘मी असतो तर इथे ट्रिपल (झटपट तीन नोटा) टाकला असता’ ही निव्वळ आवड झाली. ती नम्रपणे नाकारता येते, पण कारण एका वाक्यात देता आलं पाहिजे: ‘इथे ढोल थांबलाय, मी ढोल धरलाय.’ नुसतं ‘माझी स्टाइल आहे’ म्हणणाऱ्याला पुन्हा कुणी मॉड करत नाही, आणि ते बरोबरच आहे.

हिटसाउंडमध्ये, म्हणजे नोट दाबली की वाजणाऱ्या आवाजांत, ओळख उमटवायला भरपूर वाव आहे आणि तिकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. ढोलाच्या जाड बाजूचा एक ठोका, बारीक बाजूचा एक, झांजेचा एक, असे शांत खोलीत रेकॉर्ड करा. वेव्ह फाइलच ठेवा, सुरुवातीची शांतता पूर्ण कापा, नाहीतर बरोबर दाबूनही आवाज उशिरा येतो. फाइलचं नाव गेमला लागतं तसंच द्यायचं, एका अक्षराचा फरक पडला तरी आवाज वाजत नाही. गाण्यात आधीच ढोल जोरात असेल तर तुमचा ढोल त्यावर चढवू नका, दोन्ही मिळून गोंधळ होतो. तिथे झांज घ्या, आवाज ५० टक्क्यांच्या आसपास ठेवा. मग गाण्याचा आवाज शून्य करून फक्त हिटसाउंड ऐकवा. घरातल्या कुणाला गाणं ओळखता आलं तर निवड जमली.

गाणं ज्या पार्टीचं असेल तिला विचारूनच अपलोड करा. गावातल्या बँजोवाल्याकडून लेखी होकार आणि स्टुडिओतली मूळ फाइल दोन्ही मिळू शकतात, आणि ती फाइल व्हिडिओवरून उतरवलेल्या आवाजापेक्षा टायमिंगला कितीतरी सोपी पडते.

चाचणीला दोन प्रकारची माणसं हवीत. ओसू खेळणारा पण अहिराणी गाणं कधी न ऐकलेला एक, आणि त्या गाण्यावर नाचलेला पण गेम न खेळणारा एक. पहिला एकाच जागी पुन्हा पुन्हा चुकला तर तिथलं अंतर किंवा स्नॅप तपासा. दुसऱ्याला खेळायला बसवू नका, शेजारी बसवून तुमच्या मॅपचा ऑटो-प्ले (गेम स्वतःच मॅप खेळून दाखवतो तो) दाखवा आणि ‘इथे ढोल आला, तुझं काहीच कसं नाही?’ असं तो कुठे म्हणतो ती वेळ लिहून घ्या.