डिजिटल प्रिंटिंगच्या मोठ्या जॉबसाठी कोणतं इम्पोझिशन सॉफ्टवेअर घ्यावं?

तुम्ही १३×१९ इंची शीटचं डिजिटल मशीन घेतलंय, पुस्तकं, स्मरणिका आणि नंबरवाली पावतीपुस्तकं मोठ्या संख्येनं यायला लागलीत, आणि आजवर कोरलड्रॉमध्ये हातानं पानं लावून भागवलंय. माझंही दुकान याच धंद्यातलं, म्हणून सविस्तर लिहितो.

सॉफ्टवेअरची नावं शोधण्याआधी तुमच्या कटिंगवाल्याशी आणि बाइंडरशी बोलून घ्या. इम्पोझिशन म्हणजे शीटवर पानं बसवणं, हे सगळ्यांनाच माहीत असतं. पण पानं कशी बसवायची हे ठरतं कटिंग मशीनवर. प्रिंटिंगमध्ये वाचवलेली दहा मिनिटं कापलेल्या गठ्ठ्यांची जुळवाजुळव करण्यात सहज दोन तास खाऊन जातात.

पावतीपुस्तकाचंच घ्या. एका मंडळाच्या १०,००० पावत्या आहेत आणि शीटवर १० बसतात, म्हणजे १,००० शीट. साध्या पद्धतीनं लावलं तर पहिल्या शीटवर १ ते १०, दुसऱ्यावर ११ ते २०. कापल्यावर पहिल्या गठ्ठ्यात १, ११, २१, ३१ अशा पावत्या येतात आणि पोरं रात्रभर नंबर लावत बसतात. याऐवजी कट अँड स्टॅक लावायचं: शीटवरच्या पहिल्या जागी १ ते १०००, दुसऱ्या जागी १००१ ते २०००, असं शेवटपर्यंत. कापले की दहा गठ्ठे, प्रत्येक आपापल्या क्रमात.

इथपर्यंत बहुतेक सॉफ्टवेअर करतात. खरी गोम पुढं आहे. १,००० शीट कटिंग मशीनमध्ये एकदम जात नाहीत. १०० जीएसएम वजनाच्या कागदाचा एवढा गठ्ठा दहा सेंटिमीटरच्या वर जातो आणि लहान मशीन तेवढं घेत नाही. म्हणजे गठ्ठा दोनदा कापावा लागणार, आणि मग वरचा अर्धा आणि खालचा अर्धा दहाही जागी पुन्हा एकमेकांवर चढवायचे. इथेच चूक होते. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये गठ्ठा किती शीटचा हे सांगायची सोय हवी. ५०० सांगितलं की पहिल्या ५०० शीटमध्ये १ ते ५००० पुरे होतात: पहिल्या जागी १ ते ५००, दुसऱ्या जागी ५०१ ते १०००. एका गठ्ठ्यातून ५० पावत्यांची बरोबर दहा पुस्तकं निघतात आणि बाइंडरला काही विचारावं लागत नाही. डेमो दाखवायला कोणी आलं की मी हेच करून दाखवायला सांगतो. मेनूत शोधाशोध सुरू झाली की काय ते कळतं.

पुस्तकांचं गणित वेगळं. डेमी आकाराचं, म्हणजे साडेपाच बाय साडेआठचं २०० पानी पुस्तक धरा. १३×१९ वर एका बाजूला चार पानं बसतात, पाठपोट आठ. एका प्रतीला २५ शीट. प्रती एक-दोनच हव्या असतील तर कट अँड स्टॅक उत्तम: २५ शीट छापा, कापा, चार गठ्ठे एकावर एक ठेवा, पुस्तक तयार. पण प्रती ५०० असतील तर हीच पद्धत डोक्याला ताप, कारण प्रत्येक प्रतीचे चार तुकडे जुळवायचे. तिथं एकच पान शीटवर चार वेळा लावा. १०० शीटचा एक सेट, असे १२५ सेट कोलेट करून, म्हणजे प्रत्येक सेट पानांच्या क्रमानं, काढा. प्रत्येक सेटमधून चार अख्खी पुस्तकं निघतात, दोन सेटच्या मध्ये रंगीत कागद टाकला की झालं. शीट दोन्हीकडे १२,५००च लागतात, फरक फक्त मजुरीत. ऑफसेटसारखा सोळा पानी फॉर्म घडी करून करायचा हट्ट डिजिटलला धरू नका. परफेक्ट बाइंडिंगला, म्हणजे कण्याला गोंद लावून चिकटवायला, सुटी पानं चालतात, घडी मशीनचा खर्चही वाचतो. फक्त कागदाचा ग्रेन, म्हणजे तंतूंचा रोख, १९ इंचाच्या दिशेनं आहे ना, हे बघून रीम घ्या. नाहीतर पुस्तक नीट उघडत नाही.

स्मरणिका सेंटर पिनची, म्हणजे मधोमध पिना मारलेली असते, तिथं क्रीप, म्हणजे आतली पानं किती बाहेर सरकतात, ते बघा. ६४ पानांची स्मरणिका म्हणजे १६ शीट एकात एक. ८० जीएसएमचा कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड, म्हणजे सर्वांत आतलं पान दीड मिलिमीटरभर बाहेर येतं आणि ट्रिमिंगमध्ये तेवढं जातं. मजकुराला फारसं कळत नाही. पण आपल्याकडे स्मरणिकेच्या प्रत्येक पानाला बॉर्डर लागतेच! मग मधल्या पानांवर बॉर्डर कडेला चिकटलेली दिसते आणि जाहिरातदार फोन करतो. सॉफ्टवेअरनं आतल्या पानांचा मजकूर थोडाथोडा पिनेकडे सरकवायला हवा, आणि कागदाची जाडी आपल्याला भरता यायला हवी.

आता नावं.

मशीनला फायरी (फाइल छपाईसाठी तयार करणारा कंट्रोलर) असेल तर सर्वांत आधी फायरी इम्पोझ बघा. ते कमांड वर्कस्टेशनमध्येच चालतं, जॉब रांगेत असताना मांडणी बदलता येते, वेगळी इम्पोझ केलेली फाइल बनवून पाठवायची गरज नाही. त्याचं लायसन्स बऱ्याचदा वेगळं घ्यावं लागतं, म्हणून तुमच्या मशीनसोबत ते आलंय का बघा, आणि पुढचं मशीन घेताना बोलणी चालू असतानाच ते पदरात पाडून घ्या. मशीन आल्यावर तेवढी किंमत कमी करून मिळत नाही. फायरी नसेल तर कंपनीचं स्वतःचं काहीतरी असतं: कॅननचं प्रिझ्माप्रिपेअर, झेरॉक्सचं फ्रीफ्लो कोअर.

मशीनशी बांधून घ्यायचं नसेल तर क्वाइट इम्पोझिंग प्लस. अ‍ॅक्रोबॅट प्रोमधला हा प्लगइन या धंद्यात खूप जुना आहे. दिसायला रुक्ष, पण एकदा बसवलेल्या पायऱ्या साठवून पुढच्या जॉबला एका क्लिकवर लावता येतात. लक्षात ठेवा, अ‍ॅक्रोबॅट प्रोचे पैसे वेगळे, आणि अ‍ॅक्रोबॅट बदललं की प्लगइनही बदलावा लागू शकतो. अ‍ॅक्रोबॅट ६४-बिट झालं तेव्हा ३२-बिटचे जुने प्लगइन त्यात चालेनासे झाले. इम्पोझिशन विझार्ड अ‍ॅक्रोबॅटशिवायही चालतं आणि मांडणी बदलली की समोर लगेच दिसते. नवीन मुलाला शिकवायला मला तेच सोपं वाटतं. मशीनसोबतचं घेणार नसाल तर माझ्या मते तुमची निवड या दोघांतच आहे.

इम्पोस्ट्रिप हे वरच्या वर्गातलं. हॉट फोल्डरमध्ये फाइल टाका, बारकोडसकट मांडणी होऊन बाहेर येते. रोज शेकडो वेगवेगळे जॉब असणाऱ्यांसाठी ते आहे. कोडॅकचं प्रेप्स आणि हायडेलबर्गचं सिग्नास्टेशन मुळात ऑफसेटच्या प्लेटसाठी, तुम्हाला नको. इनडिझाइनचं प्रिंट बुकलेट फुकटात मिळतं, पण बुकलेटमध्ये ते एका बाजूला दोन पानांच्या पुढं जात नाही.

विकत घेण्याआधी डेमो आवृत्ती उतरवून तिच्यावर तुमचा सर्वांत वाईट जॉब चालवा. पानावर डेमोची खूण उमटली तरी उमटू द्या. कंपनीची नमुना फाइल सगळीकडेच छान चालते. तुम्ही नाव-नंबर बदलणारी, मागं तीच रंगीत पार्श्वभूमी असलेली १०,००० पानांची फाइल द्या. चांगलं सॉफ्टवेअर ते चित्र फाइलमध्ये एकदाच ठेवतं आणि प्रत्येक पानाला तेच वापरतं. वाईट असेल तर फाइल फुगून काही जीबीची होते आणि मशीनचा कंट्रोलर तासभर विचार करत बसतो.

त्याच डेमोत शीटच्या कडेला, कापून जाणाऱ्या जागेत, जॉबचं नाव आणि शीटचा क्रमांक छापता येतो का ते बघा. मोठ्या जॉबमध्ये मशीन कुठंतरी मधेच जॅम होतंच. क्रमांक असेल तर ३४१७ नंबरची शीट अडकली, तिथूनच पुढं सुरू करा, इतकं सोपं. नसेल तर पावत्यांचे नंबर चष्मा लावून शोधायचे.

मराठी कामाची एक वेगळी अडचण. श्रीलिपी किंवा आयएसएम या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमधल्या जुन्या फायलींची पीडीएफ करताना फॉन्ट आत बसवलेले हवेत, आणि इम्पोझिशननं पानाला हात न लावता ते जसंच्या तसं उचलायला हवं. मधेच कोणी पीडीएफ पुन्हा प्रिंट करून नवीन पीडीएफ केली की जोडाक्षरं मोडण्याची भीती. नंबरही शक्यतो इम्पोझिशन सॉफ्टवेअरमध्ये मारू नका, तिथं देवनागरी अंक मिळतीलच असं नाही. एक्सेलमध्ये नंबरांची यादी करा, डेटा मर्जनं, म्हणजे यादीतला मजकूर पानांवर आपोआप भरायच्या सोयीनं, आधीच पानावर आणा, मग मांडणीला घ्या. सॉफ्टवेअरमध्येच मारायचे झाले तर ज्या जुन्या फॉन्टमध्ये 1 दाबलं की १ दिसतो, तसा फॉन्ट लावून बघा.

ग्राहकाच्या पीडीएफबद्दल थोडक्यात: तिच्यात बऱ्याचदा क्रॉप मार्क (कापायच्या खुणा) आधीच छापलेले असतात आणि ब्लीड (कापायच्या रेषेबाहेर वाढवलेली छपाई) नसतं. सॉफ्टवेअरला ट्रिम बॉक्स, म्हणजे कापल्यावरच्या पानाची फाइलमधली हद्द, नीट वाचता आला पाहिजे, आणि चुकीचा असेल तर तो हातानं दुरुस्त करता आला पाहिजे. पाठपोट पानं सरकत असतील तर मात्र इम्पोझिशनमध्ये खेळू नका. ते मशीनच्या अलाइनमेंटमध्ये, ज्या ट्रेमधून कागद घेताय त्या ट्रेला करायचं. इथं सरकवलंत तर दुसऱ्या कागदावर ते पुन्हा चुकेल.

मशीनवर फायरी आहे की कंपनीचाच कंट्रोलर, आणि तुमचं कटिंग मशीन किती उंचीचा गठ्ठा घेतं, हे खाली लिहा. मग पावतीपुस्तकासाठी गठ्ठा किती शीटचा धरायचा ते सांगता येईल.