इंग्लंडमध्ये घरमालकाने डिपॉझिट स्वतःकडेच ठेवलं आहे, कागद काहीच दिला नाही. आता काय करावं?

तुम्ही लिहिलंय की मास्टर्ससाठी लेस्टरला येऊन दोन महिने झाले, डिपॉझिट वडिलांनी भारतातून पाठवलं, पावती-सर्टिफिकेट काही मिळालं नाही आणि विचारल्यावर घरमालक म्हणतो, "पैसे माझ्या खात्यात आहेत, काळजी करू नका." इंग्लंडमध्ये एवढ्या उत्तरावर भागत नाही. इथे डिपॉझिट कायद्याने तुमचंच असतं. घर सोडताना घरमालकाचं काही देणं निघालं, तर तेवढ्यापुरताच त्याचा त्यावर हक्क. त्यामुळे "द्याल का, बघाल का" असं अजिजीने विचारू नका. हे त्याचं कर्तव्य आहे आणि ते पार पाडायची मुदत टळून गेलेली दिसते.

आधी एक खात्री करा. घरमालक स्वतः त्याच घरात राहतो का? राहत असेल तर तुम्ही 'लॉजर' ठरता आणि पुढचे नियम तुम्हाला लागू होत नाहीत. विद्यापीठाच्या स्वतःच्या वसतिगृहालाही ते लागू नाहीत. खासगी घरमालकाचं घर किंवा त्यातली खोली भाड्याने घेतली असेल आणि तो दुसरीकडे राहत असेल, तर बहुतेक वेळा तुम्ही नियमात बसता.

नियम हाउसिंग अ‍ॅक्ट २००४ मधला आहे आणि ६ एप्रिल २००७ पासून लागू आहे. डिपॉझिट हातात पडल्यापासून ३० दिवसांत घरमालकाने ते सरकारमान्य योजनेत नोंदवायचं आणि त्याच ३० दिवसांत तुम्हाला ठरावीक लेखी माहिती द्यायची: रक्कम किती, कोणत्या योजनेत, कोणत्या कारणासाठी पैसे कापले जाऊ शकतात, वाद झाला तर काय करायचं. पैसे दुसऱ्या कुणी भरले असतील तर ही माहिती त्यांनाही द्यावी लागते. तुमच्या बाबतीत वडिलांनाही. हा मुद्दा घरमालक आणि एजंट हमखास विसरतात. व्यवहार एजंटमार्फत झाला असला तरी घरमालकाची जबाबदारी सुटत नाही.

मान्य योजना तीनच: डिपॉझिट प्रोटेक्शन सर्व्हिस, मायडिपॉझिट्स आणि टेनन्सी डिपॉझिट स्कीम. तिन्हींत दोन प्रकार असतात. एकात पैसे योजनेकडेच जमा होतात. दुसऱ्यात ते घरमालकाच्या खात्यात राहतात, पण तो योजनेला शुल्क भरून त्यांचा विमा काढतो. म्हणून "माझ्या खात्यात आहेत" हे ऐकून लगेच तो खोटं बोलतोय असं धरू नका. विम्याच्या प्रकारात नोंदणी असेल तर ते कायदेशीर आहे. फक्त नोंदणी दाखवता आली पाहिजे.

ती तुम्ही स्वतः शोधू शकता. तिन्ही योजनांच्या वेबसाइटवर भाडेकरूंसाठी तपासणीची सोय आहे. पोस्टकोड, आडनाव, करार सुरू झाल्याची तारीख, रक्कम असे तपशील भरायचे. आपल्या लोकांच्या बाबतीत एक घोळ वारंवार होतो. एजंट आडनावाच्या जागी पहिलं नाव किंवा वडिलांचं नाव टाकतो आणि शोध रिकामा येतो. तेव्हा नावं उलटसुलट करून बघा. करार चौघांचा मिळून असेल तर मुख्य भाडेकरू म्हणून ज्याचं नाव दिलंय त्याच्या नावाने बघा. तरीही सापडलं नाही तर तिन्ही ठिकाणी फोन करून "नोंद नाही" हे मेलवर लिहून घ्या. पुढे तोच तुमचा पुरावा.

मग घरमालकाला मेल करा. व्हॉट्सअ‍ॅपवर बोलणं चालू असलं तरी ही गोष्ट मेलवरच हवी. भाषा साधी ठेवा: अमुक तारखेला अमुक रक्कम दिली, ती कोणत्या योजनेत आहे आणि सर्टिफिकेटचा क्रमांक काय ते सात दिवसांत कळवा, नाहीतर हाउसिंग अ‍ॅक्ट २००४ च्या कलम २१४ खाली दाव्याचा विचार करावा लागेल. वडिलांच्या बँक ट्रान्सफरची पावती जोडा. कलमाचा आकडा वाचला की बरेच घरमालक खडबडून जागे होतात, कारण दंड जबर आहे. काउंटी कोर्ट, म्हणजे इथलं दिवाणी न्यायालय, डिपॉझिटच्या किमान एक पट आणि जास्तीत जास्त तीन पट रक्कम भाडेकरूला द्यायला लावतं, शिवाय मूळ डिपॉझिटचा हिशेब वेगळा. उशिराने नोंदणी केली म्हणून चूक पुसली जात नाही. कोर्ट फार तर कमी पट लावेल. दावा सहा वर्षांपर्यंत करता येतो, म्हणजे शिक्षण चालू असताना कोर्टाची धावपळ नको असेल तर कागद जपून ठेवा आणि नंतर करा.

घराबाहेर काढेल ही भीती साहजिक आहे. पण डिपॉझिट रीतसर न ठेवलेल्या घरमालकाची बाजूच इथे लंगडी पडते. पूर्वी अशा घरमालकाची सेक्शन २१ ची, म्हणजे कारण न देता घर सोडायला सांगणारी नोटीस चालत नसे. रेंटर्स राइट्स अ‍ॅक्ट २०२५ ने १ मे २०२६ पासून ती नोटीसच रद्द ठरवली, आणि त्या कायद्यातही डिपॉझिटची नोंद नसेल तर मोजके अपवाद सोडून कोर्ट घराचा ताबा देत नाही.

रक्कमही एकदा तपासा. वर्षाचं भाडं ५०,००० पौंडांच्या आत असेल तर पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त डिपॉझिट घेता येत नाही. हे टेनंट फीज अ‍ॅक्ट २०१९ मध्ये आहे. महिन्याला ९०० पौंड भाडं असेल तर ९०० गुणिले १२, भागिले ५२, गुणिले ५, म्हणजे साधारण १,०३८ पौंड. त्यावर घेतलेलं परत मागता येतं.

एक कळकळीची विनंती. रागाच्या भरात भाडं थांबवू नका, आणि "शेवटचा महिना डिपॉझिटमधून वळता करून घ्या" असंही परस्पर ठरवू नका. थकलेलं भाडं हे डिपॉझिटमधून कपातीचं रास्त कारण आहे. घरमालकाच्या हातात ते आयतं देऊ नका.

नोंदणी झाली की घर सोडतानाच्या वादात तिचा खरा उपयोग कळतो. योजनेकडे वाद मोफत सोडवून मिळतो, आणि पैसे का कापायचे हे घरमालकाला सिद्ध करावं लागतं. माझ्या आधीच्या घरात एजंटने बैठकीच्या कार्पेटवरच्या डागासाठी पूर्ण कार्पेटची किंमत मागितली होती. योजनेतल्या निवाडा करणाऱ्याने राहायला येतानाची यादी, म्हणजे घरातल्या वस्तू आणि त्यांची तेव्हाची अवस्था यांची नोंद, मागवली, तर खिडकीखालचा तो डाग एजंटच्याच यादीत, त्याच्याच फोटोत होता. पैसे पूर्ण परत आले. डाग मी पाडला असता तरी नव्या कार्पेटची किंमत लागली नसती. ४०० पौंडांचं, दहा वर्षं टिकणारं कार्पेट आठ वर्षं वापरून झालं असेल तर उरलेल्या दोन वर्षांची, म्हणजे ८० पौंडांच्या आसपासची भरपाई रास्त धरतात. रोजच्या वापराने झालेली झीज भाडेकरूच्या माथी मारता येत नाही.

म्हणून राहायला येतानाची यादी मिळाली नसेल तर आजच फोटो काढा: ओव्हनच्या आतली बाजू, गादीची खालची बाजू, बाथरूममधली बुरशी, भिंतींवरचे खिळे. ते घरमालकाला मेलने पाठवा, म्हणजे तारीख आपोआप नोंदली जाते.

हे सगळं इंग्लंडपुरतं आहे. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडचे नियम, मुदती आणि योजना वेगळ्या आहेत. दावा करायची वेळ आलीच तर आधी विद्यापीठाच्या स्टुडंट्स युनियनमधल्या सल्ला केंद्रात जा, किंवा शेल्टर (घरांच्या प्रश्नांवर काम करणारी संस्था) अथवा सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस (नागरिकांना सल्ला देणारी संस्था) यांना विचारा. तिथे सल्ल्याचे पैसे पडत नाहीत. जाताना करार, ट्रान्सफरची पावती आणि तिन्ही योजनांची उत्तरं सोबत न्या.