न दाखवायची वही

पोरी,

परवा संध्याकाळी तू आलीस, चहाला नको म्हणालीस, आणि निघताना चपला घालता घालता विचारलंस, "बाई, मी खरंच हुशार होते, की मला सगळं फक्त लवकर येत होतं?" मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. रात्रभर ते डोक्यात घोळत राहिलं. समोरासमोर मला नीट बोलता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

लवकर येत होतं, हे खरं आहे. पाचवीत तू नववीचं बीजगणित सोडवायचीस. आणि हे लवकर येणं कधीतरी संपतं, हेही खरं. गाव सोडून शिकायला गेलीस तिकडे तुझ्या वर्गात प्रत्येक जण आपापल्या गावचा पहिला. तिथे एक गणित तीन दिवस सुटलं नाही आणि तू घाबरून परत आलीस. तीन दिवस एकाच गणितापाशी बसून राहायची सवय तुला कुणी लावलीच नव्हती. ती मी लावायला हवी होती. मी तुला एकामागून एक परीक्षांना बसवत राहिले.

सत्काराच्या दिवशी माइकवर "ही आपल्या नाशिकची रामानुजन" असं म्हणणारीही मीच. मग तेच कॉलेज रोडच्या फ्लेक्सवर लागलं. तो शब्द मी परत घेते. रामानुजनचं नाव घेणाऱ्यांना त्याचं यश तेवढं माहीत असतं. कुंभकोणमच्या कॉलेजात इंग्रजीत नापास होऊन त्याची शिष्यवृत्ती गेली आणि तो घरात न सांगता विशाखापट्टणमला निघून गेला, हे कुणी फ्लेक्सवर लिहीत नाही. कागद परवडत नसे, म्हणून तो पाटीवर गणित करायचा, कोपराने पुसायचा आणि हाती लागलेलं तेवढं वहीत उतरवायचा. त्या वह्या तो कुणाच्या सत्कारासाठी भरत नव्हता.

आता माझं एकच सांगणं ऐक. एक वही कर, कुणालाही न दाखवायची. आईला नाही, मला तर नाहीच. रोज एक पान. सुटलं तर सुटलं, नाही तर जिथे अडलं तिथे तारीख घालून थांब.

गोदेला पूर आला की अख्खं गाव विचारतं, पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलं? गुडघ्याला की कमरेला की छातीला? गावाला मोजायला एक उभं काहीतरी लागतं. दहा वर्षं ते तू होतीस. शेजारच्या बायका आपल्या मुलांचे मार्क तुझ्या मार्कांना लावून बघायच्या. आता तू घरी बसलीस तर त्यांना चुकल्यासारखं होतंय. होऊ दे. त्यांच्यासाठी तू उभं राहायचं कारण नाही.

गणितज्ञ कापरेकर सर १९३० ते १९६२ आपल्या नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर होते. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठात जागा नाही. आपल्याकडच्या बऱ्याच गणितज्ञांनी त्यांच्या कामाला खेळ समजून बाजूला ठेवलं. वजाबाकी करत गेलं की चार अंकी संख्या ज्यावर येऊन थांबतात, तो ६१७४ त्यांना सापडला १९४९ मध्ये, चव्वेचाळिसाव्या वर्षी. अमेरिकेतले गणितलेखक मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्यावर लिहिलं ते १९७५ साली, म्हणजे सर सत्तरीत. मधल्या काळात त्यांच्याकडे काय होतं? शाळेची नोकरी, आकडे आणि वही. २० ही संख्या घे. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून २१ येते, १५ मध्ये १ आणि ५ मिळवून बघ. २० येत नाही, कशानेच. अशा संख्यांना त्यांनी देवळालीचं नाव दिलं. ज्या गावात राहायचा त्याचं नाव आकड्यांना देणारा माणूस त्या गावात अडकून पडला होता असं मला कुणी सांगू नये.

हे मी इतक्या त्वेषाने का सांगते, ते तुला कळायला हवं. मीही परत आले होते. मुंबईहून, एम.एस्सी.चं पहिलं वर्ष अर्धवट टाकून. आईचं दुखणं होतं, असं मी तीस वर्षं सांगत आले. आई आजारी होती, पण तिला सांभाळायला काकू होती. मला वर्गातलं समजेनासं झालं होतं आणि ते कुणाला कळायच्या आत मला निघायचं होतं. परत आल्याचं मला वाईट वाटत नाही. इथे मी नववीच्या मुलांना शिकवलं, मन लावून शिकवलं, आणि तशी माणसं गावाला लागतात. यावर कुणी नाक मुरडलं तर मी आजही भांडेन. वाईट याचं वाटतं की आल्यावर मी वही उघडली नाही. अकरा वर्षं. कपाटात होती, मी तिच्यावर साड्या ठेवत होते.

म्हणून सीबीएसच्या बसस्टँडवर कुणी विचारलं तर "सुट्टीला आलेय" असं सांगू नकोस. एकदा सांगितलं की ते जपत बसावं लागतं. "अवघड गेलं, परत आले" एवढं म्हण आणि रिक्षात बस.

पुन्हा जायचं की नाही ते मला विचारू नकोस, आत्ताच ठरवूही नकोस. बाबा फॉर्मची तारीख काढतील, मामा ओळखीच्या क्लासचं नाव काढतील. ऐकून घे. पण त्या दिवशीचं पान झालं का, एवढं स्वतःला विचार. झालं नसेल तर आधी ते कर. तेच तेच सांगते म्हणून वैतागू नकोस, माझ्याकडे दुसरं काही नाही.

काल माळा काढला तेव्हा तुझी सातवीची वही सापडली. मी वर्गाला सांगितलं होतं, चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढता क्रम वजा करा, उत्तरावर पुन्हा तेच. तू १९९८ घेतलास: ८०८२, मग ८५३२, मग ६१७४. मी सांगितलं, कुठूनही निघा, फार तर सात पायऱ्यांत तिथेच पोचाल. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. तू खाली लिहिलंस, "सातच का?" त्या आठवड्यात परीक्षा होती, म्हणून मी तुला पुढचा धडा उघडायला लावला.

त्याखालचं अर्धं पान अजून कोरं आहे. गुरुवारी येऊन वही घेऊन जा. उघडून मला दाखवू नकोस.

तुझ्या
बाई