वाचकांचे प्रश्न: चुनी गोस्वामी, जकार्ता आणि त्यानंतर

भारताला फुटबॉलमधलं आशियाई सुवर्ण शेवटचं मिळालं ते १९६२ साली, जकार्ताच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत. त्या संघाचे कर्णधार चुनी गोस्वामी यांच्याबद्दल आलेल्या पत्रांपैकी काहींना ही उत्तरं.

पहिलाच सामना हरूनही सुवर्ण कसं मिळालं? आणि जरनैल सिंग तर बचावपटू, मग अंतिम सामन्यात त्यांच्या नावावर गोल कसा? (सातारा)

गटात चार संघ होते आणि पहिले दोन उपांत्य फेरीत जाणार होते. दक्षिण कोरियाकडून ०-२ हरल्यावर उरलेले दोन्ही सामने जिंकले की काम भागणार होतं. भारताने थायलंडला ४-१ आणि जपानला २-० असं हरवलं. पण थायलंडच्या सामन्यात जरनैल यांचं डोकं फुटलं, टाके पडले.

इथे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांचं डोकं चाललं. स्टॉपरला, म्हणजे बचावाच्या मध्यभागी खेळणाऱ्याला, हवेतून येणारा प्रत्येक चेंडू डोक्यावर घ्यावाच लागतो, टाळायची सोय नाही. त्याने एकदा कच खाल्ली की गोल झालाच. पुढे खेळणाऱ्याला मात्र कुठल्या चेंडूवर झेप घ्यायची आणि कुठला सोडायचा हे ठरवता येतं, आणि त्याचा चेंडू हुकला तर फक्त एक चढाई वाया जाते. म्हणून रहीम यांनी जरनैल यांना सेंटर फॉरवर्डला, म्हणजे आघाडीच्या मध्यभागी, उभं केलं आणि मागची मधली जागा अरुण घोष यांना दिली. मजबूत बांध्याचा, धक्काबुक्कीला न डरणारा माणूस समोर आल्यावर प्रतिस्पर्धी बचाव त्याच्याकडे ओढला जाणार, हा हिशेबही त्यात होताच.

उपांत्य फेरीत दक्षिण व्हिएतनामला ३-२ असं हरवलं. त्यातले दोन गोल गोस्वामींचे, एक जरनैल यांचा. ४ सप्टेंबरला अंतिम सामन्यात पुन्हा दक्षिण कोरियाच समोर. १७ व्या मिनिटाला पी. के. बॅनर्जी यांनी आणि २० व्या मिनिटाला जरनैल यांनी गोल केला. कोरियाला गोल मिळाला तो शेवटची पाच मिनिटं उरली असताना. आजारी पडलेले गोलरक्षक पीटर थंगराज या सामन्यापुरते परतले होते. उपांत्य सामन्यात त्यांच्या जागी प्रद्योत बर्मन होते.

प्रेक्षक भारताच्या विरोधात का होते? (नाशिक)

फुटबॉलशी त्याचा काही संबंध नव्हता. यजमान इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवानच्या खेळाडूंना व्हिसा दिला नाही. त्यावर आशियाई क्रीडा महासंघाचे पदाधिकारी गुरुदत्त सोंधी यांनी, मग या स्पर्धेला ‘आशियाई’ म्हणायचं कशाला, असा मुद्दा काढला. सोंधी भारतीय, त्यामुळे राग भारतावर निघाला. वकिलातीवर जमाव चालून गेला आणि मैदानात राष्ट्रगीताच्या वेळीही हुर्यो उडवली गेली.

कर्णधाराचं काम नाणेफेकीपुरतंच असतं ना? (इचलकरंजी)

नियमांच्या पुस्तकापुरतं पाहिलं तर जवळजवळ तसंच. फुटबॉलच्या नियमांत कर्णधाराला खास अधिकार नाहीत. संघाच्या वर्तनाची काहीशी जबाबदारी तेवढी त्याच्यावर असते. क्रिकेटसारखं गोलंदाजी बदलणं, क्षेत्ररक्षण लावणं इथे नाही. संघ निवडणं आणि डाव आखणं हे रहीम यांचं काम होतं.

गोस्वामींचं नेतृत्व त्यांच्या जागेतून दिसायचं. ते इनसाइड लेफ्ट, म्हणजे सेंटर फॉरवर्ड आणि डावा विंगर यांच्या मधले. हा खेळाडू मागे येऊन चेंडू घेतो, एखाद-दोघांना चकवतो आणि मग सोडतो. उजवीकडे बॅनर्जी, डावीकडे तुलसीदास बलराम असताना चेंडू किती वेळ पायाशी ठेवायचा आणि कुणाकडे द्यायचा, हा निर्णय बहुतेक वेळा त्यांच्यापाशी येऊन थांबायचा. अंतिम सामन्यात त्यांचा गोल नाही म्हणून त्यांचा वाटा कमी धरू नये.

त्या संघात मुंबई-गोव्याकडचं कुणी होतं का? (म्हापसा)

होते की! फोर्तुनात फ्रांको. मूळचे तुमच्या जवळच्याच कोलवाळचे, खेळ मुंबईत बहरला. पश्चिम रेल्वेकडून आणि पुढे साळगावकर क्लबकडून खेळले. हाफबॅकच्या, म्हणजे बचाव आणि आघाडी यांच्या मधल्या, जागेवर चेंडू हिसकावून पुढच्यांना पोचवणं हे त्यांचं काम. गोवा मुक्त होऊन तेव्हा नऊ महिनेही झाले नव्हते. गुडघ्याच्या दुखापतीने त्यांची कारकीर्द लवकर आटपली. मे २०२१ मध्ये ते गेले.

ऐन भरात असताना गोस्वामींनी १९६४ मध्ये आंतरराष्ट्रीय फुटबॉल का सोडलं? आणि ते रणजी खेळलेले चुनी गोस्वामी हेच का? (डोंबिवली)

हेच. त्यांचा जन्म जानेवारी १९३८ चा, म्हणजे निवृत्तीच्या वेळी वय सव्वीस. त्याच वर्षी इस्रायलमधल्या आशिया चषकात भारत त्यांच्या नेतृत्वाखाली उपविजेता ठरला होता. आज हे वेडेपणाचं वाटेल. पण तेव्हा फुटबॉल हा पोटापाण्याचा धंदा नव्हता. खेळाडू बँकेत, रेल्वेत नोकरी करत आणि खेळत. गोस्वामी स्टेट बँकेत होते. देशाकडून खेळणं थांबलं तरी पगार थांबत नव्हता. इंग्लंडच्या टॉटनहॅम क्लबने त्यांना चाचणीसाठी बोलावलं होतं असंही सांगितलं जातं. ते गेले नाहीत. कोलकात्याच्या मोहन बागान क्लबकडून मात्र १९६८ पर्यंत खेळत राहिले, तेही दुसऱ्या क्लबचं तोंड न पाहता.

दोन खेळ जमले ते हंगामामुळे. कोलकात्याची फुटबॉल लीग पावसाळ्यातली, रणजी हिवाळ्यातली. आजच्या वेळापत्रकात, फुटबॉलचा हंगाम हिवाळ्यात सरकल्यावर, हे शक्यच नाही.

क्रिकेटमध्ये ते उजव्या हाताने फलंदाजी आणि मध्यमगती गोलंदाजी करत. डिसेंबर १९६६ मध्ये इंदूरला मध्य आणि पूर्व विभागाच्या संयुक्त संघाने दौऱ्यावर आलेल्या वेस्ट इंडिजला डावाने हरवलं. त्या सामन्यात गोस्वामींचे आठ बळी होते. जुन्या मुंबईकरांना ते आठवत असतील १९६८-६९ च्या रणजी अंतिम सामन्यामुळे: मुंबईत, मुंबईविरुद्ध ९६ आणि ८४. तरीही करंडक मुंबईकडेच, पहिल्या डावातल्या आघाडीवर. १९७१-७२ मध्ये ते बंगालचे कर्णधार म्हणून अंतिम फेरीत आले आणि पुन्हा मुंबईच आडवी आली. मुंबईच्या सलग पंधरा अजिंक्यपदांच्या काळात बाकीच्यांच्या नशिबी हेच होतं.

पुढे ते काय करत? (पुणे)

जमशेदपूरची टाटा फुटबॉल अकादमी सुरू झाली तेव्हा ते तिचे संचालक होते. पोरांना लहान वयात वसतिगृहात ठेवून शिक्षण आणि फुटबॉल दोन्ही देणारी ही व्यवस्था आपल्याकडे नवी होती. आमच्या मते जकार्तानंतरचं त्यांचं सगळ्यात टिकाऊ काम हेच, जरी चर्चा क्रिकेटचीच जास्त होते. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला राष्ट्रीय संघाचं प्रशिक्षकपदही काही काळ त्यांच्याकडे होतं. त्यातून फारसं काही हाती लागलं नाही. १९६३ मध्ये अर्जुन, १९८३ मध्ये पद्मश्री आणि २००५ मध्ये कोलकात्याचं नगरपालपद (शेरीफ), जे मुंबईतल्यासारखंच मानाचं, अधिकाराचं नव्हे.

३० एप्रिल २०२० ला, टाळेबंदीत, कोलकात्यात हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचं निधन झालं. ऋषी कपूर गेले तोच दिवस, त्यामुळे ही बातमी अनेकांच्या नजरेतून सुटली. बॅनर्जी त्याआधी २० मार्चला गेले होते.

त्यांच्यावरचं टपाल तिकीट अजून मिळेल का? (ठाणे)

ते जानेवारी २०२० मध्ये निघालं. मुंबईच्या जनरल पोस्ट ऑफिसमधल्या फिलाटेली काउंटरवर आधी विचारा. एखाद्या तिकिटाचा साठा संपला की काउंटरवर ते मिळत नाही, मग तिकीटविक्रेत्यांकडे शोधावं लागतं. घेताना मागची बाजू पाहा: डिंक डागाळलेला नसावा आणि कडेचे दाते तुटलेले नसावेत.