आजीच्या फोनमधले खाते

पत्र : मी तासगाव तालुक्यात राहते. आमची द्राक्षबाग आहे आणि घर एकत्र आहे. मुलगी तेरा वर्षांची असून आठवीत शिकते. ऑस्ट्रेलियाने सोळा वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडिया बंद केल्याची बातमी पाहून मिस्टरांनी त्याच रात्री तिचे इन्स्टाग्राम काढून टाकले आणि फोन कपाटात ठेवून कुलूप लावले. परवा सासूबाईंच्या फोनमध्ये तिचे दुसरे खाते सापडले, तेही जन्मसाल खोटे टाकून काढलेले. मिस्टरांना सांगावे का? आणि आपल्याकडेही सरकारने बंदी आणली तर हा त्रास मिटेल का? – एक आई

उत्तर :

ताई, सरकारचा प्रश्न आधी घेते, कारण मिस्टरांनी ज्या बातमीवरून हे पाऊल उचलले, ती बातमी त्यांच्यापर्यंत अर्धीच पोहोचलेली दिसते. ऑस्ट्रेलियाचा तो कायदा १० डिसेंबर २०२५ पासून लागू झाला आणि त्यात मुलांना किंवा आईवडिलांना कसलीही शिक्षा नाही. सोळा वर्षांखालच्या मुलांची खाती राहू नयेत म्हणून कंपन्यांनी वाजवी उपाय करायचे आहेत आणि ते केले नाहीत तर ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंतचा दंड त्यांनाच भरावा लागतो. तुमच्या घरी बंदी तेवढी आली. तिचा सगळा भार मात्र आठवीतल्या मुलीच्या डोक्यावर पडला.

आता अशी बंदी आपल्याकडे चालेल का? पळवाटा तिथेही आहेत. व्हॉट्सॲप बंदीतून वगळलेले आहे आणि यूट्यूबवरचे व्हिडिओ खाते नसतानाही पाहता येतात. दक्षिण कोरियाने २०११ मध्ये सोळा वर्षांखालच्या मुलांना मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत ऑनलाइन गेम बंद केले, तेव्हा मुलांनी आईवडिलांचे ओळख क्रमांक वापरून खेळ चालू ठेवला, आणि दहा वर्षांनी सरकारने तो कायदाच मागे घेतला. तुमच्या लेकीने आजीचा फोन घेतला, हे त्याच जातीचे आहे. आपल्याकडे जून २०२० मध्ये टिकटॉक बंद झाले. पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामचे रील्स आले आणि सप्टेंबरात यूट्यूबचे शॉर्ट्स. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळून पाहता येईल अशी संमती घेण्याची तरतूद आहे. पण ज्या घरात आलेला ओटीपी आईला लेकच वाचून दाखवते, तिथे त्या संमतीचा पहारा कितपत टिकेल, हे मी तुम्हाला वेगळे सांगायला नको.

तरीही अशा कायद्याला मी निरुपयोगी म्हणणार नाही. या वयाचे मूल इन्स्टाग्रामवर जाते ते मुख्यतः सगळा वर्ग तिथे असतो म्हणून. रात्री तिथे झालेल्या थट्टामस्करीवर सकाळी शाळेत हसणे चालू असते आणि ज्याला त्यातले काही कळत नाही, तो एकटा पडतो. सगळ्यांचेच एकदम बंद झाले तर कोणी एकटे पडत नाही. एकाच घरातल्या एकाच मुलीवर घातलेल्या बंदीत नेमकी हीच गोष्ट नसते, आणि म्हणून ती चोरवाट शोधते.

याचा दाखला तुमच्याच जिल्ह्यात आहे. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने १५ ऑगस्ट २०२२ पासून रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवून साडेआठपर्यंत टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवण्याचे ठरवले. सुरुवातीला लोकांनी ते हसण्यावारी नेले; मग अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या आणि निवृत्त शिक्षक घरोघरी फिरले, तेव्हा कुठे ते रुळले. त्या दीड तासात पोरांबरोबर बापाचाही मोबाइल बाजूला राहतो, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. तुमच्याकडे जेवण झाल्यावर मिस्टर बागायतदारांच्या ग्रुपवर द्राक्षावरच्या डाऊनी रोगाचे फोटो आणि बेदाण्याचे दर बघत बसत असतील, तर ते काम आहे हे तुम्हाला पटेल, तेरा वर्षांच्या मुलीला पटणार नाही. फवारणीचा निरोप साडेआठनंतर पाहिला म्हणून बागेचे काही बिघडत नाही.

आता तुमचा खरा प्रश्न. मिस्टरांना सांगा, पण लेकीशी बोलून झाल्यावर. ती एकटी असताना तिला खाते सापडल्याचे सरळ सांगा आणि आजीच्या फोनवर तिच्या शेजारी बसून ते उघडा. तिला कोण फॉलो करते, त्यात न ओळखणारी मोठी माणसे किती आहेत, कोणी फोटो मागितले आहेत का, शाळेच्या गणवेशातला किंवा घराचा पत्ता कळेल असा फोटो टाकला आहे का, एवढे शांतपणे पाहा. कोणी धमकावलेले आढळले तर काही पुसू नका, स्क्रीनशॉट घ्या आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा; मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइनही आहे. काही वावगे नसेल तर खाते तिच्याच हाताने बंद करू द्या. तेराव्या वर्षी इन्स्टाग्राम नसले तर काही अडत नाही, या बाबतीत मी मिस्टरांच्या बाजूने आहे. माझे भांडण कुलपाशी आहे. उद्या कोणी अनोळखी माणसाने तिला त्रास दिला आणि ‘पप्पा मारतील’ या भीतीने ती गप्प राहिली, तर ते तुम्हाला खात्यापेक्षा महाग पडेल.

मिस्टरांशी बोलण्याच्या दिवशी सकाळीच तिला तशी कल्पना देऊन ठेवा, म्हणजे आईने चुगली केली असे तिला वाटणार नाही. त्यांना खात्याची गोष्ट सांगाल तेव्हाच संध्याकाळच्या दीड तासाचीही सांगा, आणि तो नियम जाऊबाईंच्या मुलांना व मोठ्यांनाही लागू राहील असे ठरवून घ्या. सासूबाईंना दोष देऊ नका, फक्त त्यांच्या फोनला लॉक घालून द्या. वर्गातल्या चार-पाच मुलींच्या आयांशी पुढच्या पालकसभेत बोलता आले तर अवश्य बोला. त्यांतल्या दोघींनी जरी दहावीपर्यंत खाते नको असे ठरवले, तरी तुमच्या लेकीला शाळेत सोबत मिळेल.